दुर्बीण आली, आता बघायचं कसं?

बालमित्रांनो, घरी नवी दुर्बीण आली की पहिल्या रात्री काय होतं, ठाऊक आहे? सगळं घर गच्चीवर जमतं. ताई तिपाई लावते, बाबा माहितीपत्रक वाचत बसतात आणि आजोबा डोळा लावून म्हणतात, "मला तर काहीच दिसत नाही बुवा!" कुणाला नुसता अंधार दिसतो, कुणाला स्वतःच्याच पापण्या. आठ दिवसांनी दुर्बीण कपाटावर जाते आणि बहुधा तिथेच राहते.

यात दुर्बिणीचाच दोष असतो असं नाही. सायकल दारात आली म्हणजे लगेच चालवता येते का? दुर्बिणीचंही तसंच आहे. बघणं शिकावं लागतं.

आधी खोक्यावरच्या आकड्याचा समाचार घेऊ. स्वस्त दुर्बिणींच्या खोक्यावर "५२५ पट मोठं दिसेल" असं ठळक छापलेलं असतं. पालकांनो, या आकड्याला भुलू नका. किती पट, हे साध्या भागाकारानं कळतं. पुढच्या भिंगाचं नाभीय अंतर ७०० मिलिमीटर आणि डोळ्याशी लावायच्या नेत्रिकेचं २० मिलिमीटर असेल, तर ७०० भागिले २०, म्हणजे ३५ पट. १० मिलिमीटरची नेत्रिका लावली की ७० पट. पण भिंगाचा व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या दुपटीपुढे गेलं की चित्र नुसतं फुगतं, बारकावे वाढत नाहीत. ६० मिलिमीटरच्या दुर्बिणीला १२० पट ही झाली हद्द. मग ५२५ कुठून आणणार?

खरी किंमत व्यासाला आहे. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली फार तर ६-७ मिलिमीटर उघडते. ६० मिलिमीटरचं भिंग तिच्या साधारण दहापट रुंद, म्हणजे क्षेत्रफळानं शंभरपट! पावसात वाटी ठेवली आणि परात ठेवली, तर पाणी कशात जास्त साठेल? इथे पाण्याऐवजी प्रकाश, इतकंच. आणि हो, तिपाई डुगडुगणारी नको. ३५ पट मोठ्या चंद्राबरोबर तिची थरथरही ३५ पट वाढते.

पहिला धडा दिवसा गिरवायचा. नळीवर एक छोटी शोधक दुर्बीण असते. लांबची पाण्याची टाकी मोठ्या दुर्बिणीत मधोमध आणा आणि शोधक दुर्बिणीतही तीच मधोमध येईल असे तिचे स्क्रू फिरवा. पण दुर्बीण सूर्याकडे वळवायची नाही. चुकूनसुद्धा नाही! एका क्षणात डोळा कायमचा जाऊ शकतो. हे काम मोठं माणूस जवळ असतानाच करा.

रात्री नेहमी कमी पटीच्या नेत्रिकेनं सुरुवात करा आणि पहिला पाहुणा चंद्र. पौर्णिमेचा नको हं! पौर्णिमेला सूर्याचा प्रकाश चंद्रावर समोरून पडतो, सावल्या दिसत नाहीत आणि सगळं सपाट वाटतं. शुद्ध सप्तमी-अष्टमीचा अर्धा चंद्र बघा. उजेड आणि अंधार जिथे भेटतात, त्या रेषेवर विवरांच्या कडा आणि डोंगरांच्या लांब सावल्या दिसतील. बघता बघता चंद्र बाजूला सरकेल. दुर्बीण बिघडली असं समजू नका, आपली पृथ्वी फिरतेय! शक्यतो मैदानात उभे राहा. दिवसभर तापलेली गच्ची रात्री उष्णता सोडते आणि चित्र उकळत्या पाण्यासारखं हलतं.

अंधुक गोष्टी बघायच्या तर डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्यावी लागते. त्याला २० ते ३० मिनिटं लागतात. मध्येच मोबाइल उघडला की पुन्हा पहिल्यापासून! नकाशा बघायला टॉर्चवर लाल जिलेटिनचा कागद बांधा.

हिवाळ्यात आम्ही चौथीच्या मुलांना शाळेच्या मैदानावर मृग नक्षत्र दाखवलं. मृगाच्या पोटातल्या बाणाच्या तीन तारकांखाली एक तेजोमेघ आहे. एका मुलीनं डोळा लावला आणि तोंड पाडलं. "बाई, पुस्तकात तर गुलाबी होता! हा नुसता धूर." तिचं अगदी बरोबर होतं. कमी उजेडात आपल्या डोळ्यांना रंग कळत नाहीत. मी तिला सांगितलं, त्याच्याकडे थेट बघू नकोस, जरा बाजूला बघ. डोळ्याच्या पडद्याचा कडेचा भाग अंधुक प्रकाश जास्त चांगला टिपतो. थोड्या वेळानं ती ओरडली, "त्याला पंख आहेत!" मग काही केल्या ती दुर्बीण सोडेना, मागची रांग वैतागली. त्या धुराचा प्रकाश तिच्या डोळ्यात शिरायला सुमारे १,३०० वर्षं लागली होती.

आता अशा दुर्बिणी निघाल्या आहेत, ज्यांना डोळा लावायची जागाच नाही. आत कॅमेरा असतो. मोबाइलवर नाव निवडलं की दुर्बीण स्वतः वळते, काही काही सेकंदांचे फोटो काढून एकावर एक रचते आणि थोड्या वेळात गुलाबी तेजोमेघ पडद्यावर हजर! डोळ्याला प्रकाश असा साठवता येत नाही. शहराच्या झगमगाटात ही युक्ती फार कामाची आहे. तरी मला विचाराल, तर आधी डोळ्यानं बघा, मग पडद्यावर. नाहीतर आकाश कुठे आहे हे दुर्बिणीला माहीत आणि तुम्हाला नाही!

आणि महागच हवी असं थोडंच आहे? सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीच्या मठात जॉन डॉबसन नावाचे साधू होते. ते टाकाऊ काच घासून आरसे बनवायचे, पुठ्ठ्याच्या नळीत बसवायचे आणि खाली प्लायवूडची साधी बैठक. पुढे ते फुटपाथवर दुर्बीण लावून येणाऱ्याजाणाऱ्याला आकाश दाखवू लागले. आज त्या बैठकीला जगभर "डॉबसोनियन" म्हणतात. विकत घेण्याआधी पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था किंवा मुंबईचं खगोल मंडळ यांच्या आकाशदर्शनाला मुलांना घेऊन जा. चार दुर्बिणींतून बघितल्यावर कुठली घ्यायची ते आपोआप कळेल. पावसाळ्यात मात्र ती कोरड्या डब्यात ठेवा, भिंगावर बुरशी धरते.

एक वही करा. वाटी उपडी ठेवून गोल काढा आणि दिसलं तेवढंच त्यात टिपा. गॅलिलिओनं ७ जानेवारी १६१० ला गुरूशेजारी तीन ठिपके टिपले, १३ तारखेला चार झाले. ते गुरूचे चंद्र होते. तुमच्या दुर्बिणीतही ते दिसतात आणि रोज जागा बदलतात.

शनीचंही चित्र काढा. मार्च २०२५ मध्ये त्याची कडी आपल्याला अगदी कडेनं, रेघेसारखी झाली होती. आता ती दरवर्षी उघडत जातील आणि २०३२ च्या सुमारास सगळ्यात रुंद दिसतील. आज चौथीत असलेली मुलं तोवर दहावीत पोचलेली असतील. दरवर्षी एक चित्र काढलंत, तर किती चित्रं होतील, मोजा बघू!