मधुमेह, मूत्रपिंड आणि रक्ताची गुठळी

डायलिसिसच्या देयकात ‘हेपॅरिन’ हे नाव दिसले की रुग्णांचे नातेवाईक कार्यालयात येऊन विचारतात, ‘‘साहेब, आजार साखरेचा आणि मूत्रपिंडाचा, मग रक्त न गोठण्याचे औषध कशासाठी?’’ प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. तथापि डॉक्टरांकडून जे समजून घेतले, ते देणगीदार व आप्तेष्टांसाठी येथे मांडत आहे.

तात्कालिक उत्तर सोपे आहे. यंत्राच्या नळ्यांना स्पर्श होताच रक्त गोठू लागते, म्हणून हेपॅरिन द्यावे लागते. परंतु रक्त गोठणे आणि मूत्रपिंड यांचा संबंध याहून जुना, डायलिसिसच्या कितीतरी आधीचा आहे.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. गाळणी म्हणजे केशवाहिन्यांचे इवलेसे वेटोळे. निरोगी शरीरात रक्त गोठविणारे आणि गुठळी विरघळविणारे घटक एकमेकांस तोलून धरतात. अनेक वर्षे साखर वाढलेली राहिली की रक्तवाहिन्यांचे अस्तर दुखावते. फायब्रिनोजेन, वॉन विलेब्रँड यांसारखे गोठविणारे घटक वाढतात; गुठळी विरघळू न देणारा ‘पीएआय-१’ हाही वाढतो. जमाखर्चाचा मेळ बिघडतो तो असा.

पुढे गाळणीतून अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत झिरपू लागते. गळती फार वाढल्यास गुठळीस आळा घालणारे अँटिथ्रॉम्बिनही वाहून जाते आणि पायांच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका संभवतो. याउलट मूत्रपिंड निकामी झाल्यावर रक्तातील बिंबिका नीट काम करीत नाहीत व सुई टोचलेल्या जागेतून रक्त बराच वेळ वाहते. एकाच रुग्णास दोन्ही धोके असतात. म्हणूनच रक्त पातळ करणारी औषधे स्वतःच्या मनाने सुरू वा बंद करू नयेत.

रक्त गोठण्यास आवर घालणारे ‘सक्रिय प्रोटीन सी’ मधुमेही उंदरांच्या गाळण्यांतील पेशींचे रक्षण करते, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन संशोधनात दिसून आले. त्यातून रुग्णांसाठी उपचार अद्याप रूढ झालेला नाही. मात्र रक्तदाब व साखरेचे नियंत्रण, २००१ च्या चाचण्यांत उपयुक्त ठरलेले लोसार्टन आणि २०१९ च्या चाचणीत गुणकारी ठरलेले कॅनाग्लिफ्लोझिन यांसारखी औषधे मूत्रपिंडाची हानी लांबवू शकतात.

अट एकच, हानी वेळीच कळली पाहिजे. आणि प्रारंभी ती कोणतेही लक्षण दाखवीत नाही. लघवीतील अल्ब्युमिन व क्रिएटिनिन यांचे प्रमाण ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमपर्यंत पोहोचल्यास तो इशारा समजावा व तपासणी पुन्हा करून खात्री करून घ्यावी. प्रौढवयातील, म्हणजे टाइप २ मधुमेहात निदान होताच आणि टाइप १ मध्ये पाच वर्षांनंतर, दरवर्षी ही तपासणी रक्तातील क्रिएटिनिनसह करावी.

डायलिसिस बहुधा आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास चालते. कुटुंबातील कमावता माणूस त्या खाटेवर असला की घराचा ताळेबंद कोलमडतो, हे कार्यालयाच्या खिडकीतून आम्ही पाहतो. आपल्या देणगीतून डायलिसिसचा भार हलका होतो, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. परंतु घरातील मधुमेही व्यक्तीची लघवी यंदा तपासली का, एवढी विचारणा प्रत्येक वाचकाने केली, तर तेही मोठे साहाय्य ठरेल.