बावट्याची सुट्टी

२४ सप्टेंबर २०२५, बुधवार. रगासा वादळ आलं म्हणून हाँगकाँगच्या वेधशाळेने पहाटेच दहा नंबरचा बावटा लावला. त्याच्यावर बावटाच नाही. बस बंद, बोटी बंद, शाळांना कुलपं, बहुतेक विमानं रद्द. शेअर बाजार मात्र वेळेवर उघडला. २३ सप्टेंबर २०२४ पासून तसा नियमच आहे. वादळ येवो की ढगफुटी होवो, व्यवहार चालू. जगातल्या मोठ्या बाजारांच्या मागे पडायला नको, हे कारण. कागदावर ते पटतंही. पण त्या बाजाराच्या सॉफ्टवेअरवर आमच्यासारख्या ज्यांची चूल पेटते, त्यांच्या घरातून या नियमाने काय उचलून नेलं, याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

पूर्वी कसं होतं, तर आठ नंबर लागला की ऑफिसं सुटायची. दोन तास आधी सूचना येई, म्हणजे घरी पोहोचायला वेळ मिळे. आठ नंबर दुपारी बारापर्यंत उतरला नाही, तर बाजार दिवसभर बंद. त्यामुळे अकरा वाजल्यापासून आमच्या घरात वेधशाळेचं पान उघडून मुलं पहाऱ्याला बसत. काचांवर चिकटपट्टीच्या फुल्या, गॅसवर कांदाभजी, आणि दर पाच मिनिटांनी आतून आरोळी, "बाबा, अजून आहे!" बारा वाजले की बापासकट सगळे नाचत. वादळं मुद्दाम शनिवार-रविवार गाठतात, कारण एका अब्जाधीशाने शहराभोवती अदृश्य कवच बसवलंय, ही तिथली जुनी थट्टा. म्हणून बुधवारी आलेलं हातो (२३ ऑगस्ट २०१७) आम्ही लॉटरीसारखं साजरं केलं. मकाऊत त्याने माणसं मारली, हे संध्याकाळी कळलं आणि भजी घशाखाली उतरेनात.

माझा हाँगकाँगचा खरा काळ २००८ ते २०१८. त्याआधीची वर्षं भाड्याचं घर, मुलांची शाळा आणि चुंगकिंग मॅन्शन्समधल्या दुकानांतून डाळी-पिठं वाहून आणणं यात गेली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

त्या दशकात आम्ही तुंग चुंगला राहायचो. तिथली घरं एवढी लहान की रविवारी बाहेर पडलं नाही तर नवरा-बायकोत भांडण ठरलेलं. आणि बाहेर पडायला जागा अफाट. इमारतींचं जंगल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शहराची सुमारे ४० टक्के जमीन राखीव उद्यानांची आहे. डोंगरवाटांवर, समुद्रकाठी सरकारने बांधलेल्या शेगड्या असतात. जो आधी येईल त्याची. शेजारचं चिनी कुटुंब सळईवर मांस फिरवत मधाचा ब्रश मारत असे आणि आमच्या निखाऱ्यांवर वांगी फुटत. एकदा शेजारच्या आजीने ते काळं ठिक्कर वांगं बघून हातानेच खुणावलं, जळलं, फेका! सोलून, कांदा-मिरची-कोथिंबीर घालून तिच्यापुढे धरलं, तर बाईने दोनदा मागून घेतलं.

ताई ओचं तर विचारू नका. अकरा नंबरच्या बसने, घाट उतरून जायचं. खाडीत खांबांवर उभी घरं आणि गावभर आंबवलेल्या जवळ्याचा वास. आमचे ऑफिसातले दिल्लीकर नाकाला रुमाल लावत. रत्नागिरीहून आलेल्या सासूबाई मात्र बसमधून उतरल्या, खोल श्वास घेतला आणि म्हणाल्या, "चला, इथे माणसं राहतात." जाताना बरणी घेऊन गेल्या. कस्टम्समध्ये ती कशी सुटली, हे त्यांनी आजवर सांगितलेलं नाही.

हवा चांगली असायची ऑक्टोबर ते डिसेंबर, बाकी वर्ष सोसायचं. मार्च-एप्रिलात भिंतींना घाम फुटे, कपाटातल्या पट्ट्यांवर हिरवी बुरशी चढे, पापड वाकत. २४ जानेवारी २०१६ च्या रविवारी पारा ३.१ अंशांवर आला, १९५७ नंतरचा नीचांक. अख्खं शहर गोठलेलं दहिवर बघायला ताई मो शान डोंगराकडे धावलं, निसरड्या रस्त्यावर अडकलं आणि अग्निशमन दलाला लोकांना उतरवावं लागलं. आम्ही घरीच पिठलं खाल्लं.

मग मांखुट वादळ. १६ सप्टेंबर २०१८, तोही रविवार. दहा तास दहा नंबर. सोमवारी पहाटे बावटा तीनवर आला. हजारो झाडं रस्त्यात आडवी, बस जवळजवळ नाहीत, शाळा बंद, पण सुट्टी जाहीर करायला सरकार तयार नव्हतं. ताई वाई रेल्वे स्थानकावर माणसांचा समुद्र लोटला. आमच्या साहेबांचा सकाळी सातला निरोप, "नेहमीच्या वेळी भेटू." ते स्वतः ऑफिसच्या मागच्या गल्लीत राहायचे. तो निरोप मी अजून विसरलेलो नाही.

पुढच्याच महिन्यात मकाऊचा पूल उघडला आणि तुंग चुंगच्या किराणा दुकानासमोर पर्यटकांच्या रांगा लागल्या. २०१९ ते २०२२, आंदोलनांची आणि कोरोनाची ही वर्षं सगळ्यांना माहीत आहेत. शेगड्यांना पट्ट्या गुंडाळल्या होत्या, एवढंच नोंदवतो. ओळखीची निम्मी घरं सिंगापूरला किंवा पुण्याला गेली. ॲबर्डीनचं तरंगतं जम्बो हॉटेल जून २०२२ मध्ये ओढून नेताना दक्षिण चिनी समुद्रात उलटलं. शाकाहाऱ्याला तिथे फार काही मिळत नसे, पण पाहुण्यांना दाखवायला बरं होतं.

हवा मात्र कामाला लागली आहे. ७ सप्टेंबर २०२३ च्या रात्री अकरा ते बारा या एका तासात १५८.१ मिलिमीटर पाऊस, १८८४ पासूनच्या नोंदींतला सर्वाधिक. नोव्हेंबर २०२४ मध्ये तोराजीमुळे आठ नंबर लागला. नोव्हेंबरात असं १९४६ पासून एकदाही झालं नव्हतं. बाजाराने नव्या नियमाखाली पहिल्यांदा काम केलं ते त्याच वादळात. वादळं वाढतायत आणि त्यांच्यासोबत येणारी एकमेव बिनठरावाची सुट्टी काढून घेतली जातेय, याला मी तरी प्रगती म्हणणार नाही. रगासाच्या दिवशी मी सकाळी साडेआठपासून हेडफोन लावून बसलो होतो आणि कांदे टोपलीतच राहिले.

तिथे नोकरी घेणाऱ्या मराठी मुलामुलींना एकच विनंती. पगाराचा आकडा वाचून झाला की आठ नंबरच्या दिवशी तुमच्याकडून काय अपेक्षित आहे, ते लेखी मागून घ्या आणि मगच सही करा.