चाप किती हलका असावा?

विस्कॉन्सिनमध्ये राहायला आल्यावर नोव्हेंबरला दोन अर्थ असतात हे हळूहळू कळते. एक थँक्सगिव्हिंग; दुसरा, त्याच्या आधीच्या शनिवारी सुरू होणारा हरणांच्या शिकारीचा नऊ दिवसांचा हंगाम. त्या आठवड्यात ऑफिस निम्मे रिकामे असते. काही वर्षे हे बाहेरून पाहिल्यावर मीही शिकाऱ्यांसाठीचा सुरक्षेचा कोर्स केला आणि एक जुनी रायफल विकत घेतली.

"चाप अगदी लोण्यासारखा आहे," असे विकणाऱ्याने कौतुक केले होते. खरेच होते ते. बोट टेकवावे आणि 'टक्' व्हावे! पंधरा दिवसांनी नेमबाजीच्या मैदानावर शेजारच्या बाकावरील एका वयस्क गृहस्थांनी ती हातात घेतली, रिकामी असल्याची दोनदा खात्री केली आणि बोल्ट जरा जोरात पुढे ढकलून बंद केला. चापाला कोणाचे बोट लागलेले नसताना आतून 'टक्' असा आवाज आला. त्यांनी हे दहा वेळा केले. तीन वेळा तसेच झाले. आत काडतूस असते तर त्या तीनही वेळा गोळी सुटली असती. मी ज्याला गुण समजत होतो, तोच दोष होता.

आत काय घडत होते ते समजून घेऊ. बोल्ट बंद केला की फायरिंग पिनमागची जोरकस स्प्रिंग दाबलेली राहते. पिन पुढे झेपावू नये म्हणून तिला अडवून धरणारा पोलादी तुकडा म्हणजे सिअर, आणि या सिअरला आधार देतो चापाचा वरचा भाग. दोघांच्या कडा एकमेकींवर टेकलेल्या असतात त्या साधारण अर्धा मिलिमीटर. चाप ओढला की ही कड सरकते, सिअर खाली पडतो आणि पिन सुटते. जुन्या वाड्याच्या दाराचा अडसर खोबणीत पुरता गेला नाही, तर दार बंद दिसते पण एका धक्क्याने उघडते. इथेही तसेच.

गेल्या शतकातल्या अनेक बोल्ट रायफलींच्या चापाला तीन स्क्रू असतात. पहिला चापामागच्या स्प्रिंगचा ताण, म्हणजे ओढण्याचे वजन ठरवतो. दुसरा त्या दोन कडा एकमेकींवर किती टेकाव्यात हे ठरवतो. तिसरा, पिन सुटल्यावर चाप आणखी किती मागे जावा हे. तिसरा फार आत गेला तर सिअर नीट सुटतच नाही. दुसरा आत पिळला की चाप 'खुसखुशीत' लागतो, पण अडसर बोथट होतो. पहिल्याचे दुखणे सगळ्यांत फसवे. जी स्प्रिंग बोटाला विरोध करते, तीच चापाला पुन्हा सिअरखाली जागेवर आणून बसवते. म्हणजे वजन कमी करताना आपण बोटाचे कष्ट वाचवतो आणि त्याच हाताने चाप जागेवर परतण्याची हमीही कमी करतो. त्यात जुने तेल घट्ट झालेले असले आणि बाहेर विस्कॉन्सिनची थंडी असली, तर ती अशक्त स्प्रिंग हरते.

मग चाप जडच ठेवावा का? तसेही नाही. रायफलीचे वजन ७-८ पौंड असते. चाप ओढायलाही तेवढाच जोर लागला तर नळी हलते, गोळी भलतीकडे जाते आणि हरीण जखमी होऊन जंगलात तडफडत राहते. म्हणून शिकारीच्या रायफलीसाठी ३ ते ५ पौंड हा मध्यम मार्ग मानतात. बाकावर रायफल टेकवून स्पर्धेत नेम धरणारे काही औंसांचे चाप वापरतात. पण ते काटेकोर शिस्तीत, समोर लक्ष्य असतानाच काडतूस भरतात. शिकारी हातमोजे घालून, गारठलेल्या बोटांनी, ओल्या उतारावरून चालत असतो.

चापाची नाजूक रचना किती महागात पडू शकते याचे उदाहरण अमेरिकेत सर्वांना ठाऊक आहे. रेमिंग्टन कंपनीची मॉडेल ७०० ही रायफल १९६२ साली आली आणि लाखोंनी खपली. तिच्या जुन्या चापात सिअर आणि चाप यांच्यामध्ये एक सुटा तुकडा असे. तो जागेवर परतला नाही तर रायफल आपोआप उडते, असा आरोप अनेक खटल्यांत झाला. त्यातच १९८२ पूर्वीच्या रायफलींमध्ये सेफ्टी लावली की बोल्टही अडकून बसे, म्हणजे काडतूस काढायला सेफ्टी आधी सोडावी लागे. २००० साली मोंटानात अशाच क्षणी सुटलेल्या गोळीने नऊ वर्षांचा मुलगा गेला. रायफल त्याच्या आईच्याच हातात होती. चापावर बोट नव्हते, असे तिने सांगितले. कंपनीने दोष मान्य केला नाही, परंतु पुढे तडजोड होऊन चाप मोफत बदलून देण्याची योजना आली. तिची मुदत २०२० मध्ये संपली. जुन्या बाजारात ती रायफल आजही मिळते, म्हणून घेताना चाप बदललेला आहे का हे विचारावेच.

कुठलीही जुनी रायफल घेतली की मी आता पुढील क्रम पाळतो. काडतुसे दुसऱ्या खोलीत. चेंबर डोळ्यांनी पाहायचे आणि करंगळीने चाचपायचे. नळी सुरक्षित दिशेला. मग काट्याने चापाचे वजन दहा वेळा मोजायचे; आकडे एकमेकांपासून फार लांब असतील तर आत घाण किंवा झीज आहे. त्यानंतर बोल्ट दहा वेळा जोरात बंद करायचा. सेफ्टी लावून चाप घट्ट ओढायचा, सोडायचा, बोट बाजूला घेऊन मग सेफ्टी काढायची. शेवटी पिन चढवून, सेफ्टी काढून, दस्त्याला रबरी हातोडीने चहूबाजूंनी ठोकायचे. यांत एकदाही 'टक्' झाले, तर ती रायफल काडतूस न भरता गनस्मिथकडे न्यायची. स्क्रूला स्वतः हात लावायचा नाही. वाट्टेल तसे पिळता येणे ही स्क्रूची सोय आहे, परवानगी नव्हे!

आपल्यातल्या नव्याने आलेल्यांसाठी एक सूचना. एच-१ सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्याला इथल्या केंद्रीय कायद्यानुसार बंदूक बाळगता येत नाही; शिकारीचा वैध परवाना हा त्यातला एक प्रमुख अपवाद. मित्राची रायफल हौसेने हातात घेण्याआधी हे माहीत असलेले बरे.

माझ्या रायफलीत गनस्मिथला दुसरा स्क्रू जास्त पिळलेला आणि पहिला जवळजवळ सैल सोडलेला आढळला. तेलाचा डिंक झाला होता. त्याने सगळे साफ केले, कडा पुरत्या टेकवल्या आणि वजन साडेतीन पौंडांवर आणले. पहिले दोन दिवस चाप जड वाटला. तिसऱ्या दिवशी त्याची आठवणही राहिली नाही. त्या साडेतीन पौंडांची चिठ्ठी, तारखेसह, मी रायफलीच्या पेटीत चिकटवून ठेवली आहे. आधीच्या मालकाने काय पिळले होते ते मला कोणी सांगितले नव्हते. पुढच्या मालकाला निदान एवढे तरी कळावे.