विळीवरचा गंज

लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज धरतो; मीठ असेल तर लवकर. म्हणून किनारपट्टीवर, त्यातही पावसाळ्यात, विळीचं पातं रातोरात तांबूस होतं. गंजाचा थर सच्छिद्र असतो, खालच्या लोखंडाला झाकत नाही. त्यामुळे तो आत आत खात जातो.

तवा, विळी, अडकित्ता यांवरचा हलका गंज चिंचेच्या कोळाने निघतो. कोळ फासून अर्धा तास ठेवायचा, मग काथ्याने घासायचं. चिंचेतलं टार्टरिक आम्ल गंज विरघळवतं. जुनाट गंजाला पांढरं व्हिनेगर बरं. त्यात वस्तू काही तास बुडवा, पण अधूनमधून बघत राहा, कारण गंज संपला की आम्ल लोखंडालाच लागतं.

खरी मेख पुढे आहे. नुकतंच घासलेलं ओलं लोखंड बघता बघता पुन्हा तांबूस होतं. धुतल्याबरोबर पुसा, मंद आचेवर कोरडं करा आणि तेलाचा अगदी पातळ हात फिरवा. तवा मात्र किंचित धूर येईपर्यंत तापवा. तेलाचा घट्ट थर बसतो.

जस्ताच्या बादलीला आम्ल लावू नका, जस्तच निघून जाईल. आम्लासोबत ब्लीच तर कधीच नको, विषारी क्लोरीन वायू सुटतो. आणि स्टेनलेस भांड्यावर ठिपके दिसले, तर आधी तारेच्या घासणीवर संशय घ्या: तिचे लोखंडी कण भांड्यावर राहून गंजतात, नाव स्टीलचं खराब होतं.