धुऱ्यावर तरवड राखा

वाशीम जिल्ह्यात सोयाबीन निघाले की शिवार उघडे पडते. सोयाबीनला परागीभवनासाठी कीटकांची फारशी गरज नसते. त्याच्याच तासांमधल्या तुरीच्या फुलांवर मात्र भुंगे फिरले, तर शेंगा चांगल्या धरतात. पण तुरीचा बहर थोड्या दिवसांचा. एरवी या भुंग्यांना जगवणारे झुडूप आपल्याकडे माळावर फुकट उगवते, ते म्हणजे तरवड.

तरवडाच्या पिवळ्याधमक फुलात मध नसतो. असतो तो फक्त पराग, आणि तोही बंद पुंकेसरात. टोकाला बारीक छिद्र तेवढे. काळा भुंगा पुंकेसर पायांनी घट्ट धरतो, पंख न फडकवता उडण्याचे स्नायू थरथरवतो. गुणगुण एकदम चढते आणि पिवळी भुकटी त्याच्या पोटावर सांडते. वांगी-टोमॅटोच्या फुलांतला परागही असाच झटकून निघतो. मधाच्या पोळ्यातल्या माश्यांना ही कला नाही.

तरवडाच्या पानांवर काही पांढरट-पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात आणि त्या अळ्यांवर पाखरे. गुरे सहसा या झुडपाला तोंड लावत नाहीत. त्याची साल पूर्वी चामडे कमवायला वापरत. शेजारच्या तेलंगणाचे तर हे राज्यफूल. नवरात्रात तिथल्या बतुकम्मा सणाच्या फुलोऱ्यात त्याला मान असतो.

लागवड सोपी आहे. वाळलेल्या चपट्या शेंगांतले बी काढावे. कवच टणक असते, म्हणून उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात ते रात्रभर भिजू द्यावे. मृगाचा पाऊस झाला की धुऱ्यावर तीन-तीन फुटांवर दोन-तीन बिया टोकाव्यात. ऊन भरपूर हवे, पाणी साचता कामा नये. पहिला उन्हाळा अधूनमधून पाणी दिले की पुढे झाड आपले आपण तगते. पिकावर सावली येऊ लागली, तर बहर ओसरल्यावर छाटावे. शेजारी एखादे वाळके लाकूड पडू द्यावे. भुंगे त्यातच पोखरून घर करतात.

काळविटांसाठी आपल्या जिल्ह्यात कारंजा-सोहोळचे अभयारण्य राखले गेले. भुंग्यांना तेवढी जागा लागत नाही, धुरा पुरतो. म्हणून यंदा उन्हाळ्यात धुरे पेटवू नका, त्यावर तणनाशक मारू नका आणि मृगाच्या आत मूठभर तरवडाचे बी जमवून ठेवा.