अग्रचक्रचालित मोटारीतील अल्पवळण व त्यावरील अल्पखर्चिक उपाय : मुंबई उपनगरांच्या संदर्भात

बोरिवली आणि मुलुंड ही दोन उपनगरे नकाशावर समोरासमोर दिसतात. परंतु मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर असल्यामुळे मोटारीने जाणाऱ्यास उत्तरेकडून घोडबंदर मार्गाने अथवा दक्षिणेकडून जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने वळसा घालावा लागतो. गोरेगावहून पवईकडे जाणारे अनेक चालक आरे वसाहतीतील वळणांचा, झाडीतून जाणारा रस्ता पत्करतात. पावसाळ्यात ओल्या पाल्याने निसरड्या झालेल्या अशा रस्त्यावर स्टिअरिंग पुरेसे वळवूनही मोटारीचे तोंड आत वळत नाही आणि गाडी वळणाच्या बाहेरच्या कडेकडे सरकत जाते. इंग्रजीत यास ‘अंडरस्टिअर’ म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी ‘अल्पवळण’ ही संज्ञा योजली आहे. याउलट मागील भाग बाहेर फेकला जाणे म्हणजे ‘अतिवळण’.

मुंबईकरांना हा अनुभव तुलनेने नवा आहे. कुर्ला येथील कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी ही मागील चाकांवर चालणारी मोटार होती. तिच्या शेवटच्या टॅक्सीची नोंदणी 2003 साली झाली आणि 20 वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर 2023 मध्ये ती रस्त्यावरून गेली. मात्र 1983 च्या डिसेंबरात आलेल्या मारुती 800 पासून खासगी मोटारींचे स्वरूप पालटत गेले होते. इंजिन पुढे आडवे बसवायचे आणि पुढचीच चाके चालवायची, ही ब्रिटनमध्ये 1959 साली ‘मिनी’ने रूढ केलेली रचना जागा वाचवते आणि स्वस्तही पडते. आज उपनगरांतील बहुतेक लहान मोटारी याच जातीच्या आहेत. जुन्या बाजारातून घेतलेल्या अशा मोटारींत घसरण सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बहुधा नसते. म्हणूनच थोड्या खर्चात काय करता येईल, हा प्रश्न मध्यमवर्गीय मोटारमालकासाठी व्यवहाराचा आहे.

या रचनेत अल्पवळण का संभवते? मोटारीच्या वजनाचा सुमारे 60 टक्के भाग पुढच्या चाकांवर असतो. वळवणे, ओढणे आणि ब्रेकचा मोठा वाटा उचलणे ही तिन्ही कामे तीच दोन चाके करतात. टायरवरील भार दुप्पट झाला तरी त्याची पकड दुप्पट होत नाही, काहीशी कमीच वाढते. त्यामुळे अधिक भार वाहणारे पुढचे टायर मागच्यांच्या आधी आपली मर्यादा गाठतात. शिवाय टायरची एकूण पकड ही एकच शिल्लक असते. ब्रेकसाठी किंवा वेगवाढीसाठी त्यातील जितका भाग खर्च होईल, तितके वळण्यासाठी कमी उरते.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. वळणाची त्रिज्या 50 मीटर आणि ओल्या रस्त्याचा घर्षणांक 0.4 धरल्यास कमाल वेग सेकंदाला 14 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 50 किलोमीटर येतो. कोरड्या रस्त्यावर घर्षणांक 0.7 धरला तर हाच वेग ताशी 66 किलोमीटरच्या पुढे जातो. आता ओल्या वळणात चालकाने पकडीच्या 60 टक्के इतका ब्रेक दाबला, तर वळण्यासाठी 80 टक्के पकड उरते (ही वजाबाकी नव्हे, दोन्ही बले परस्परांना काटकोनात असल्याने येथे पायथागोरसचा नियम लागू होतो) आणि कमाल वेग ताशी 45 किलोमीटरवर येतो. ताशी 50 ने आत शिरलेला चालक घाबरून ब्रेक दाबतो, तेव्हा आपल्याच पायाने तो गाडी बाहेर ढकलत असतो. वळणापूर्वी वेग कमी करणे हा उपाय बिनखर्चाचा आहे, आणि बाकी सर्व उपायांपेक्षा तो श्रेष्ठ ठरतो.

यानंतर टायरमधील हवा. पुढच्या टायरमध्ये निर्देशित दाबापेक्षा कमी हवा असेल तर टायरच्या भिंती दुमडतात आणि स्टिअरिंगला प्रतिसाद उशिरा मिळतो. एका पुढच्या चाकात बारीक गळती असली तरी अल्पवळण जाणवू लागते. हवेच्या दाबाने मोटारीचे वळण किती बदलते, याचे गाजलेले उदाहरण अमेरिकेतील शेव्हरोले कॉर्व्हेअर या मोटारीचे आहे. इंजिन मागे असलेल्या या गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जाऊ नये म्हणून कंपनीने पुढे केवळ 15 आणि मागे 26 पौंड दाब ठेवण्यास सांगितले होते, म्हणजेच पुढची पकड जाणूनबुजून कमी केली होती. ही सूचना कित्येक मालकांच्या गावीही नव्हती. रॅल्फ नेडर यांनी 1965 साली आपल्या पुस्तकात या गाडीवर जी टीका केली, तिचा हा एक महत्त्वाचा मुद्दा होता. उपनगरातील चालकाने दाराच्या चौकटीवर चिकटवलेला दाबाचा तक्ता वाचून महिन्यातून दोनदा सकाळी, टायर थंड असताना, हवा तपासली तरी पुष्कळ काम होते.

खड्डे आणि उखडलेले पेव्हर ब्लॉक यांमुळे पुढच्या चाकांची दिशा बिघडते. काही शे रुपयांत होणारे व्हील अलाइनमेंट पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर करून घेणे योग्य होय. तथापि बुश, बॉल जॉइंट किंवा शॉक अ‍ॅब्सॉर्बर झिजलेले असताना केलेले अलाइनमेंट टिकत नाही. आधी ते भाग पाहावेत. ‘गाडी वळत नाही’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा या झिजेत असते, आणि तेव्हा नवे काही बसवण्याऐवजी मूळचे पूर्ववत करणे पुरते.

टायर बदलताना मात्र एक पेच उद्भवतो. पुढचे टायर लवकर झिजतात, म्हणून दोनच नवे घेतले की टायरवाला ते पुढे बसवतो. अल्पवळण त्याने निश्चित कमी होते. परंतु टायर उत्पादक नवे टायर मागे बसवण्याचा सल्ला देतात. कारण ओल्या रस्त्यावर मागची पकड आधी सुटली तर गाडी गिरकी घेते आणि सामान्य चालकाला ती सावरता येत नाही. अल्पवळणात गाडी निदान सरळ तरी जाते आणि वेग उतरल्यावर पुन्हा वळू लागते. म्हणूनच निर्माते ते थोड्या प्रमाणात मुद्दाम ठेवतात. या पेचातून मार्ग असा, की दर 8 ते 10 हजार किलोमीटरनंतर चाकांची अदलाबदल करून चारही टायर सारखे झिजू द्यावेत आणि चारही एकत्र बदलावेत. खाचांची कायदेशीर किमान खोली 1.6 मिलिमीटर असली, तरी मुंबईच्या पावसात त्या टोकापर्यंत थांबणे हिताचे नाही.

हौशी मंडळींत लोकप्रिय असलेला मागचा जाड अँटी-रोल बार याच कसोटीवर पाहावा लागतो. वळणात बाहेरच्या चाकांकडे जाणाऱ्या भाराचा अधिक वाटा तो मागच्या आसावर घेतो. त्यामुळे पुढच्या जोडीची पकड थोडी सुधारते, पण मागच्या जोडीची घटते. शर्यतीच्या मार्गावर हा सौदा परवडतो. आरेतील ओल्या वळणावर, समोरून बस येत असताना, तो परवडण्याजोगा नाही. रुंद टायरांची हौसही जपूनच करावी, कारण साचलेल्या पाण्यावर ते लवकर तरंगतात. याशिवाय मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 प्रमाणे निर्मात्याने ठरवलेल्या आणि नोंदणीपत्रात नमूद असलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मधील निर्णयात हे बंधन अधोरेखित केले आहे.

प्रत्यक्ष वळणात गाडी बाहेर सरकू लागली, तर स्टिअरिंग आणखी वळवण्याचा मोह होतो. मर्यादा ओलांडलेल्या टायरला त्याने पकड मिळत नाही. अ‍ॅक्सिलरेटरवरील पाय हळूहळू उचलावा, स्टिअरिंग किंचित सैल सोडावे आणि पुढची चाके पुन्हा रस्ता धरेपर्यंत तसेच ठेवावे. पाय एकदम उचलल्यास भार झटक्याने पुढे येतो, मागची चाके हलकी होतात आणि अल्पवळणाचे क्षणार्धात अतिवळण होऊ शकते. घोडबंदर मार्गावरील गायमुख घाटासारख्या उतारावर भार आधीच पुढे आलेला असतो. तेथे हा धोका अधिक. अशा उतारावर वळण येण्यापूर्वीच खालचा गिअर टाकलेला असावा.