ट्रॉलीचें ओझें आणि ट्रॅक्टरचा तोल

ट्रॉली विकत घेतांना शेतकरी बंधु बहुधा एकच प्रश्न विचारतात : "आमचा ट्रॅक्टर ही ओढील काय?" हा प्रश्न अपुरा आहे. ओढणें निराळें व वाहणें निराळें. अश्वशक्ति ओढण्यास पुरली, तरी ट्रॅक्टरच्या पाठीवर भार किती बसतो हें पाहावेंच लागतें.

दोन चाकी ट्रॉलीचा सर्व भार तिच्या चाकांवर पडत नाहीं. कांहीं भाग दांडीवाटे हुकावर येतो. बैलगाडींत माल पुढें फार झाला म्हणजे जूं बैलांच्या मानेवर बसतें आणि मागें फार झाला म्हणजे गाडी उलाळ होते. येथेंही तोच न्याय आहे.

आतां समजुतीसाठीं एक हिशेब मांडूं. ट्रॅक्टरचें वजन २,००० किलो. पैकीं पुढील चाकांवर ८००. ट्रॉली मालासुद्धां ६,००० किलो. हुकापासून तिचा आंस ३ मीटर. भाराचा मध्य आंसाच्या अर्धा मीटर पुढें असल्यास एकषष्ठांश, म्हणजे १,००० किलो, हुकावर येतात. हुक ट्रॅक्टरच्या मागील आंसामागें पाऊण मीटर व ट्रॅक्टरच्या दोन्ही आंसांतील अंतर २ मीटर धरल्यास पुढील चाकांवरचे ३७५ किलो कमी होऊन ४२५ उरतात. तोच माल आणखी पाव मीटर पुढें रचला, तर हुकावर १,५०० येऊन पुढें सुमारें २३८ किलोच उरतात!

ट्रॅक्टरच्या वजनाचा निदान पांचवा हिस्सा, येथें ४०० किलो, पुढील चाकांवर राहिला पाहिजे. त्याहून कमी झाल्यास स्टिअरिंग ऐकत नाहीं. चढावर तर पुढील चाकें उचलून ट्रॅक्टर मागें उलटतो आणि चालकाच्या प्राणावर बेततें. उलट भार ट्रॉलीच्या मागें गेल्यास हुक वर उचलला जातो, ट्रॅक्टरच्या मागील चाकांची पकड सुटते व ट्रॉली झोले खाते.

यास्तव तीन गोष्टी कराव्या. ट्रॅक्टरच्या पुस्तकांत हुकावरील भाराची जी मर्यादा दिली असेल, ती ओलांडूं नये. ट्रॉलीस स्वतःचे ब्रेक असावे. नाहीं तर उतारावर सर्व ओझें ट्रॅक्टरास पुढें ढकलतें. आणि ऊस भरून कारखान्याच्या वजनकांट्यावर गेल्यावर, ट्रॉली जोडलेली असतांनाच, केवळ पुढील चाकें कांट्यावर घेऊन वजन पाहावें. तो आंकडा पांचव्या हिश्शाहून कमी भरल्यास पुढील खेपेस माल कमी करावा अथवा थोडा मागें रचावा. एका खेपेची बचत जीवाहून मोठी नव्हे, असें आम्हांस वाटतें.